सगळे पूल खालून

"ओ मॅडम, जरा सरका... पूल झाकला!"

शिवांगीनं वळून पाहिलं. गोदावरीच्या वाळूत एक जण स्टँडवर कॅमेरा लावून वाकला होता. ती आईच्या पूजेचं निर्माल्य सोडायला आलेली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चपला.

"एवढा मोठा पूल, अन् माझ्यानं झाकला? इतकी जाड हाय का मी?"

"तसं न्हाई..." तो कानापर्यंत लाल झाला. "कॅमेऱ्याजवळ आलं की बारीक माणूसबी पुलाएवढं दिसतं."

"बारीक म्हणालात, म्हणून माफ केलं."

दुसऱ्याच दिवशी तो तिच्या टेबलासमोर उभा! शिवांगी नांदेडच्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात होती. लातूरचं बघून तेव्हा नांदेडच्या गल्लीगल्लीत क्लास निघाले होते, आणि चकचकीत माहितीपुस्तकाशिवाय कोणाचं पान हलत नव्हतं. तिच्या हणमंतराव सरांना मुखपृष्ठावर मोठा पूल हवा होता. अलीकडं विद्यार्थी, पलीकडं डॉक्टर.

फोटोग्राफरचं नाव मलप्पा. गाव निलंग्याकडं. त्यानं नमुने मांडले. गोदावरीचा पूल, मांजरेचा, मन्याडचा. धुक्यातले, तिरप्या उन्हातले, बगळ्यांसकट. बघत राहावेत असे... पण एकूण एक नदीकाठावरून काढलेले.

"वरून एकबी न्हाई?"

"वरून पूल दिसत न्हाई, मॅडम. नुसता रस्ता दिसतो."

"उत्तर पाठ करून आलात वाटतं."

तो हसला. हसताना नजर जरा जास्तच थांबली. शिवांगी घाईनं स्टेपलर शोधू लागली. तो तिच्या हातातच होता.

सरांना मात्र वरूनच फोटो हवा होता. म्हणून रविवारी पांढरे कोट घातलेल्या क्लासच्या पोरी, शिवांगी आणि मलप्पा अशी वरात पुलाच्या तोंडाशी पोचली. मलप्पा तिथंच थांबला. म्हणे, ऊन कडक आहे. मग म्हणे, ढग येऊ द्या. पोरी खुसखुसायला लागल्या. शिवांगीला त्याच्यासमोर चुणचुणीत दिसायचं होतं. बोलून गेली —

"काय हो, पुलाला भिता का काय? कडेवर घेऊ?"

पोरी खो खो हसल्या. त्या हसण्याच्या धक्क्यानंच जणू तो पुढं निघाला. थोडं अंतर गेला, दिव्याच्या एका खांबापर्यंत. तेवढ्यात मागून उसाचा ट्रक आला आणि पूल हलला. मोठे पूल हलतात तेवढाच. मलप्पा खाली बसला. एका हातानं कठडा कवटाळून, कॅमेरा पोटाशी धरून, डोळे गच्च मिटून.

"अव्वा..." एवढंच म्हणाला, आईला हाक मारावी तसं.

हसणं थांबलं. आणि शिवांगीला आत्ता, इतक्या उशिरा, 'निलंग्याकडचा' म्हणजे काय ते कळलं. लातूरकडच्या भूकंपाच्या त्या पहाटे नांदेडला तिच्या घरातली भांडी नुसती वाजली होती. तिकडं निलंग्याच्या बाजूला गावंच्या गावं गाडली गेली... आणि ती म्हणाली होती, कडेवर घेऊ? तिला वाटलं, हा पूल खरंच फाटावा आणि आपल्याला पोटात घ्यावं.

मग तो ऑफिसकडं फिरकलाच नाही. नमुने टेबलावर तसेच पडून. ते दिसले की ती त्यांच्यावर फाईल ठेवायची. एका संध्याकाळी ती वाळूत उतरली. तो होता. पाठमोरा.

"मलप्पा, माझी जीभ झडायला पायजे होती."

"तुमचं काय... लाज माझी गेली. एवढ्या पोरींसमोर." त्यानं वळून पाहिलं नाही. "मातीच्या माळवदाखाली अव्वा झोपली होती. मी अंगणात. तवापासून मोठं काही हललं की पाय ऐकत न्हाईत."

"मग पुलांचेच फोटो का काढता?"

"उभे हायेत का बघतो. खालून सगळे खांब दिसतात. अन् फोटोत आला की तो पूल कधीच पडत न्हाई."

पाणी खांबांना चाटत होतं. शिवांगीनं पुलाच्या त्या टोकाकडं बोट दाखवलं. "माझं घर पलीकडं हाय. सिडकोत."

"ठाव हाय. सांजच्याला सायकलवर जाता." आता त्यानं वळून पाहिलं. "तुम्ही पार होईस्तोवर मी खांबांकडं बघतच न्हाई..."

तिच्या हातातली चप्पल वाळूत पडली. ती उचलायला वाकली, ते बरं झालं. तोंड लपलं.

"माझी आई फोटो बघून हो म्हणणारी न्हाई. माणूस दारात यावा लागतो."

"बसनं येऊ? डोळे मिटून?"

"डोळे मिटून पोरगी मागणार?"

पुढच्या रविवारी दोघं पुलावर चढले. सायकल मध्ये, ती एकीकडं, तो दुसरीकडं. दिव्याच्या त्याच खांबापाशी ट्रक आला. पूल हलला. मलप्पाचा गार हात हँडलवरच्या तिच्या हातावर घट्ट बसला. जाणाऱ्या टेम्पोतून कोणीतरी शिट्टी मारली. शिवांगीचे कान तापले... पण तिनं हात काढला नाही.

"हलला," तो म्हणाला.

"हाव, हलला. उभा हाय ना?" पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'चला' आलं नाही. "चल."