मागची बाई

भुतांवर माझा विश्वास नाही, आधीच सांगतो. पण तेव्हापासून मी कृष्णधवल फोटो काढलेला नाही.

२००३ सालची गोष्ट. माझी बहीण जुईली जालन्याहून माझ्याकडे भूगावला आली होती. तिला मॉडेल व्हायचं होतं. बाबांनी दिवाळीपर्यंत मुदत दिलेली. काम मिळालं नाही तर परत जायचं आणि मुकाट्यानं लग्न करायचं. ताम्हिणीच्या एका बंद धाब्यात, खिडकीच्या उजेडात मी तिचा फोटो काढला. पोरगी काय सुरेख दिसत होती!

आम्ही हौशी मंडळी रविवारी दुपारी कोळवणला दादासाहेबांच्या फार्महाउसवर जमायचो. तिथला नियम एकच. फोटोवर सगळ्यांनी बोलायचं, काढणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही.

दादासाहेबांनी फोटो लांब धरला. "उजेड झकास. पण मागची बाई नको होती."

"हो ना," आमच्यातली उत्कर्षा म्हणाली. "लक्ष तिच्याकडेच जातं."

चहा घेऊन आलेल्या रंभाबाईही वाकल्या. "पोर लई गोड हाय. पर त्या बाईनं तिला येवढं घट्ट का धरलंय?"

मी फोटो पाहिला. जुईली, आणि मागे ओली भिंत. बस्स. सगळे मिळून माझी फिरकी घेताहेत असं वाटलं, पण कोणी हसत नव्हतं. नंतरही विचारलं नाही. स्वतःच्याच फोटोतली बाई दिसत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

घरी बाथरूममध्येच माझी डार्करूम होती. तिथं त्याच निगेटिव्हवरून नवा फोटो छापायला घेतला. जुईलीचा चेहरा पुठ्ठ्यानं झाकला आणि बाकीच्या कागदावर भरपूर उजेड पाडला. फोटोचा कागद उजेडानं काळा पडतो; मागचं सगळं तव्यासारखं काळं झालं. म्हटलं, घ्या, गेली तुमची बाई.

पुढच्या रविवारी जुईलीही आली. रंभाबाईंनी कौतुकानं तिला खिडकीपाशी खुर्ची दिली, चहा दिला. मग फोटो फिरला.

"आता कसं!" दादासाहेब खूश झाले. "एकटी बाई. नजर बघा तिची…"

"पांढरे केस काय सुंदर आलेत," उत्कर्षा म्हणाली. "पण निषाद, ती मुलगी का काढलीस रे? सगळी काळ्यात गेली."

मला तर फोटोत फक्त जुईली दिसत होती. हसरी. नियम गेला खड्ड्यात. "अहो, ही जुईलीच आहे!" मी ओरडलो. "ही काय, इथं बसलीये!"

सगळे खिडकीकडे वळले. दादासाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"दादा…" जुईली मला हळूच म्हणाली, "हे असे का बघताहेत?"

रंभाबाई दोन पावलं पुढं झाल्या आणि डोळे बारीक करून थांबल्या.

"ताई, अशा अंधारात का बसलाय?" त्या म्हणाल्या. "तुमचं तोंडच दिसंना…"

बाहेर लख्ख ऊन होतं, आणि ते सगळं जुईलीच्या चेहऱ्यावर पडलं होतं.