चौकाचौकातली नवरी

वायमंड मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो ढगातून खाली पडत होता.

ढग लाकडाचा होता, वर लोकर चिकटवलेली. आमच्या वाईनवाल्यांच्या संघाच्या नाट्यगाड्यावर तो टांगायचं काम या सुताराकडे होतं. मी बाबांचं जेवण घेऊन शेडमध्ये शिरले आणि तो थेट माझ्या पायाशी येऊन आदळला. केसांत लोकर, डोळ्यांत... नदीवरच्या धुक्यासारखं काहीतरी.

"लागलं का?"

"अजून कळलं नाही. तुम्ही थोडं थांबलात तर सांगतो."

"आणि लागलं नसेल तर?"

"मग परत पडतो."

मी थांबले. बाबांचं वाटाण्याचं सूप थिजलं.

उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाला आमच्या यॉर्क शहरातला प्रत्येक धंदा आपापलं नाटक चाकांवर घालून चौकाचौकात करतो. आमच्या वाट्याला बायबलातलं लग्नघर आलंय, ज्यात चमत्काराने पाण्याची वाईन होते. वाईन आमची, म्हणून नाटक आमचं. वायमंड देखणा, म्हणून तो नवरा. बायकांना गाड्यावर बंदी, म्हणून नवरी माझा हॉबमामा. त्यासाठी मामाने दाढी काढली होती आणि त्या दुःखातून तो अजून सावरला नव्हता.

मामाकडून वाक्यं मी पाठ करून घ्यायचे. वायमंड कोपऱ्यात बसून खुंटी तासायचा. एकच खुंटी, आठवडाभर.

"गोडार्डला हो म्हणणार आहेस म्हणे," तो एकदा खुंटीलाच म्हणाला.

गोडार्ड कातडी कमावायचा. माणूस वाईट नव्हता. त्याचा वास मात्र त्याच्या आधी घरी पोचायचा. बाबांनी लग्नाला रविवार ठरवला होता.

"'हो' बाबा म्हणणार आहेत. मी नुसतं उभं राहायचंय."

"आणि दुसऱ्या कुणी विचारलं तर...?"

"विचारलंय कुणी?"

तो परत तासू लागला. खुंटीची एव्हाना काडी झाली होती.

सणाच्या सकाळी मामाने चमत्कार आधीच पिऊन टाकला. गाड्यावरच्या पिंपाला मिठी मारून तो गाढ झोपलेला. बाबा पुढे गाडा ओढणाऱ्यांवर ओरडत होते, आणि नवरीची वाक्यं पाठ होती ती फक्त मला. मी मामाला पिंपामागे सरकवलं, त्याचा झगा चढवला, तोंडावर जाड पडदा ओढला.

पहिला चौक. वायमंडने माझा हात धरला आणि थबकला. मामाच्या हाताला केस आहेत.

"मी... तुला..."

"वरतो," मी मामाच्या घोगऱ्या आवाजात कुजबुजले.

"वरतो!" तो इतक्या जोरात ओरडला की छपरावरची कबुतरं उडाली.

मग मीही 'वरते' म्हणाले. गाडा चालू लागला. ढग डुलत होता, लोकरीचे पुंजके सावकाश आमच्यावर उतरत होते...

"वेडी आहेस तू, एविस. पकडली गेलीस तर?"

"नवऱ्याने असं घाबरू नये."

"कुणाच्या नवऱ्याने?"

"सध्या तरी मामाच्या."

दुसऱ्या चौकात तो वाक्य विसरला नाही. हात सोडायला विसरला. तिसऱ्या चौकात दोघांचं म्हणून झालं आणि वारा सुटला. पडदा उडाला. पुढच्याच रांगेत गोडार्ड.

"अरे, ही तर एविस!"

गर्दीतून पाद्रीबाबा धापा टाकत गाड्यावर चढले. आमच्याकडे लग्नाला फारसं काही लागत नाही. दोघांनी हात धरून मनापासून 'वरतो', 'वरते' म्हटलं की झालं. मग आर्चबिशपलाही ते मोडता येत नाही.

"नाटक आहे हो!" बाबा घाईघाईने म्हणाले.

"ते यांनी सांगायचं," पाद्रीबाबा म्हणाले. "बोल पोरा. नाटक होतं की मनापासून?"

वायमंडने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आठवडाभर या माणसाच्या तोंडून एक प्रश्न फुटला नव्हता. आता तो गप्प राहिला की रविवार गोडार्डचा.

"पहिल्या चौकात दचकलो होतो," तो म्हणाला. "दुसऱ्यात मनापासून. आणि इथे... इथे तर कुणी मोडू नये म्हणून म्हणालो."

"आणि तू गं?"

"मी पहिल्यापासूनच."

"पहिल्यापासून?" वायमंड पाद्रीबाबांना विसरून माझ्याकडे वळला. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. एवढ्या लोकांसमोर!"

पाद्रीबाबांनी कपाळावरचा घाम पुसला. "झालंय लग्न. माझा इलाज नाही."

बाबा गाड्याच्या पायरीवर बसले. गोडार्डने टोपी काढली, बराच वेळ हातात फिरवली आणि विचारलं, "मग वाईन मिळणार आहे का?"

लग्न झालं तरी बायकांना गाड्यावर बंदी ती बंदीच. मागे लोहारांचा गाडा खोळंबून शिव्या घालत होता. मी उतरले, दोन बादल्या पाणी ओतून मामाला उठवलं, झगा त्याला चढवला.

पुढच्या चौकात पाद्रीबाबांनी आधीच ओरडून बजावलं, "हे नाटक आहे!" मग माझ्या नवऱ्याने माझ्या मामाचा ओला हात धरला, आणि मामाच्या खांद्यावरून गर्दीत मला शोधत, अगदी हळू म्हणाला, "मी तुला वरतो..."

मामाने उत्तरासाठी घसा खाकरला. तोवर मी म्हणून टाकलं होतं.