पुस्तकं, पाकळी आणि पेडण्याचा रुद्रेश

"ते नको!"

पणजीच्या त्या दुकानात मी पुस्तक नुसतं उचललं होतं, उघडलंसुद्धा नव्हतं. मागून आवाज आला, पाठोपाठ एक हात आला आणि पुस्तक माझ्या हातून सुटून परत फळीवर गेलंही! मी रागाने वळले. चष्मा, विस्कटलेले केस, कोपरात अडकवलेलं हेल्मेट आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू त्याने मला गाडीखाली येता येता वाचवलंय.

"तुम्ही इथे कामाला आहात?"

"ना."

"मग?"

"ते पुस्तक जाणत्यांसाठी आहे. नवशिक्याने वाचलं तर आठवड्यात लिनक्सचा नाद सोडतो."

"आणि मी नवशिकी, हे काय माझ्या कपाळावर लिहिलंय?"

"तसं नाही, पण..." तो जरा हसला. "तुम्ही पुस्तक हातावर तोलून बघत होता. बाजारात भोपळा बघतात तसं."

खरं सांगायचं तर तोलतच होते. दुसरं काय करणार? डिचोलीजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयाची मी एकटी कारभारीण. गावच्या एका माणसाने वास्कोहून, त्याच्या कचेरीतले सहा जुने संगणक आम्हाला पाठवून दिले. इतके जुने, की लिनक्सशिवाय त्यांच्यावर काही चालणार नाही म्हणे. आमचे अध्यक्ष महादेवकाका मला म्हणाले, "सुविधा बाये, पुस्तकां हाड, तू शिक, मागीर भुरग्यांक शिकय. मे म्हयन्यात वर्ग सुरू." म्हणजे पुस्तकं आणून आधी मी शिकायचं आणि लगेच मुलांना शिकवायचं. जणू लिनक्स आणि प्रोग्रॅमिंग म्हणजे शेवयांची खीर!

त्या दिवशी या माणसाने, रुद्रेश त्याचं नाव, राहणार पेडणे, म्हापशाला संगणकाच्या क्लासात शिकवतो, एकूण एक पुस्तक बाद केलं. हे जुनं. हे जाड. यातली चित्रं भलत्याच संगणकाची. याच्या लेखकाला वाचक आपल्याइतकाच हुशार वाटतो. मी रिकाम्या पिशवीने बस पकडली आणि त्याने माझा नंबर घेतला... "विचार करून सांगतो" म्हणून.

विचार करून सांगायला तो शनिवारी थेट वाचनालयातच उगवला. सोबत त्याचं स्वतःचं पुस्तक. "हे वाच. हे बरं." मी आठवडाभर डोकं फोडलं, तिसऱ्या प्रकरणापर्यंत पोचले, तर पुढच्या शनिवारी हजर! "ते दे परत. याच्यापेक्षा बरं मिळालं."

"अरे, पण मी आत्ता कुठे तिसऱ्या प्रकरणात आलेय!"

"यात तिसरं प्रकरण पहिलंच घेतलंय."

असं चार वेळा झालं. चार! मला फाइल नावाची गोष्ट चार वेगवेगळ्या तऱ्हेने समजावून झाली आणि एकदाही तिच्यापुढे जाता आलं नाही. पुस्तकावर "अगदी नवशिक्यांसाठी" असं छापायचं आणि पाचव्याच पानावर "हे तुम्हाला माहीत असेलच" असं म्हणायचं, हा कुठला न्याय? आणि हा वर मान डोलावणार, "व्हय, तेच तर! म्हणून तर दुसरं आणलं."

"रुद्रेश, तुला एक पुस्तक निवडता येत नाही?"

"येतं गो. दुसऱ्या कोणासाठी झटकन निवडतो. तुझ्यासाठी निवडताना मात्र..."

तो थांबला. जनेलातून वारा आत येत होता, त्यात काजूच्या पिकल्या बोंडांचा गोड-आंबूस वास. त्याचे कान लाल झाले होते. मी श्वास धरून बसले...

"मात्र काय?"

"म्हणजे... आवृत्ती जुनी असली तर पंचाईत होते ना."

आवृत्ती! त्याच्या हातातलं पुस्तक त्याच्याच डोक्यात घालावं असं मला वाटलं. आणि त्याच क्षणी हेही कळलं की आपण या माणसाच्या पुरत्या प्रेमात पडलो आहोत. काय हे माझं नशीब!

शेवटी पुस्तक मीच निवडलं. पणजीला गेले, दुकानात खाली फतकल मारून बसले आणि एकेका पुस्तकात एकच बघितलं, संगणक अडून बसला, चूक झाली, तर काय करायचं हे त्यात आहे का. बहुतेकांत नव्हतंच, तिथे सगळं पहिल्या फटक्यात चालायचं. एकात मात्र प्रत्येक धड्याच्या शेवटी दोन पानं होती, इथे माणसं कुठे चुकतात आणि चुकल्यावर काय दिसतं याची. तेच घेतलं. लिनक्सही त्यात, प्रोग्रॅमिंगची पायथन भाषाही त्यात.

रुद्रेशने ते बराच वेळ चाळलं. "हे मला का नाही सुचलं?"

"कारण तू चुकायला घाबरतोस."

त्याने पुस्तक मिटून माझ्यापुढे ठेवलं. पण पुढच्या शनिवारी पुन्हा आला. आता आणायला पुस्तक नव्हतं, म्हणून उंडे, आमच्याकडचे गोल पाव, घेऊन आला! म्हणाला, "आमच्या पोदेराचे. गरम आहेत." पेडण्याहून डिचोलीला येईपर्यंत गरम राहिलेले उंडे मी तरी कधी पाहिले नाहीत. मी खाल्ले. चहाही केला. वाट बघितली. तो लूप समजावून गेला.

मार्च संपत आला. घरी आईने वाळपईचं स्थळ आणलं. मुलगा नोकरीला, घर बरं, रविवारी बघायला येणार. शनिवारी मी रुद्रेशला सरळ सांगून टाकलं. म्हटलं, आता तरी तोंड उघडेल.

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सुविधा... आईने माझ्यासाठी देवाकडे प्रसाद घेतला. तुझ्याबद्दल विचारायला. डावी पाकळी पडली."

आमच्याकडे हे असंच. देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पेडण्यातल्या कितीतरी घरांत त्याशिवाय विहीरसुद्धा खणत नाहीत. त्याची आई देवकीकाकी देवाचा शब्द मोडणार नाही, हे मला माहीत होतं.  पण खरंच सांगते, माझं डोकं तापलं.

"देवाला विचारलंस. मला कधी विचारलंस?"

"उजवी पडली असती म्हणजे विचारणारच होतो..."

"वा! आणि काय विचारलं देवाला? शब्द न् शब्द सांग."

तो भिंतीकडे बघत आठवून आठवून म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचां लगीन डिचोलेच्या चेडवाशी मे म्हयन्याच्या आदी जावन, तां वाचनालय सोडून पेडण्याक येवन, सासरीं सुखान नांदतला जाल्यार उजवी पाकळी दी."

माझ्या समोरच्या पडद्यावर माझाच प्रोग्रॅम उघडा होता. वाचकाला पुस्तक द्यायचं की नाही ते ठरवणारा: सभासद असेल, मागचं पुस्तक परत केलं असेल, हवं ते पुस्तक फळीवर असेल, तर "हो". अर्ध्या तासापूर्वी यानेच मला बजावलं होतं की तीनही खरं असेल तरच "हो". एक जरी खोटं ठरलं तर सगळ्याचं उत्तर "नाही".

मी पडद्याकडे बोट केलं. "मास्तर, इकडे बघा. तुमच्या आईने देवाला किती गोष्टी एकदम विचारल्या?"

तो बघत राहिला. मग हळूहळू त्याने आ वासला.

"मे महिन्याआधी. वाचनालय सोडून. पेडण्याला येऊन. अरे, त्या प्रश्नाला मीसुद्धा डावीच पाकळी दिली असती! वाचनालय मी सोडणार नाही. देवाला ते कळलं, शिकवणाऱ्या तुला नाही कळलं?"

"मग..." तो पडद्यावरून माझ्याकडे वळला. "नुसतं आपलं विचारलं असतं तर?"

"देवाचं देव बघेल. माझं विचारायला काय गुरव लागतो?"

बाहेरून एक ट्रक धडधडत गेला. तो जाईपर्यंत रुद्रेश थांबला. थांबणारच!

"सुविधा, माझ्याशी लगीन करशील?"

"करीन."

"आणि पेडण्याला—"

"ते वेगळं विचार!"

वाळपईच्या पाहुण्यांना आम्ही नको म्हणून कळवलं. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. सोमवारी सकाळी मी पेडण्याच्या देवळात देवकीकाकींसमोर उभी होते. रुद्रेशने त्यांना सगळं समजावलं होतं, पडद्यावरच्या प्रोग्रॅमसकट. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाये, माका तुजां तां कॉम्प्युटराचां कळाक ना. पण तीन गजाली एकदम विचारल्यो, ती माजी चूक. तां कळलां."

सगुण गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. या वेळी ते अगदी लहान होतं: ही दोघां एकमेकांक बरीं आसात काय?

पाकळ्या हलेनात. मी मनात ठरवून टाकलं, डावी पडली तरी मी इथून हलणार नाही, काकींना सरळ सांगणार. रुद्रेशने सगळ्यांदेखत माझा हात धरला. विचार न करता, पटकन.

उजवी पडली.

काकींनी डोळे पुसले. सगुण गुरव दुसरी पाकळी ओली करत म्हणाला, "आता खंय रावचां, तांय विचारूंया?" आम्ही राहायचं कुठे, तेही देवालाच!

"नाका," काकी म्हणाल्या. "तां तेंचां तीं ठरवंदीत. देवाक आनी कितलो तरास दिवचो?"

पायऱ्या उतरताना रुद्रेश म्हणाला, "डिचोलीला घर बघूया? नाहीतर म्हापशाला, माझ्या क्लासाजवळ. की मधेच, अस्नोड्याला? तिथे भाडं कमी, पण बस... थांब, मी जरा विचार करून सांगतो."

"रुद्रेश!"

"डिचोली," तो घाईने म्हणाला. "ठरलं. डिचोली."