पिळाची काठी

शेकोटी विझत आली होती. पोरं उठेनात, म्हणून शेषरावकाकांनी सांगायला घेतलं.

“उद्धव माह्या ओळखीचा. वरवट बकालचा, भाजीचा टेम्पो चालवते तो.”

“काका, खरं हाये का मोबाइलवर पाह्यलं?” राजकुमारनं डिवचलं.

“गप बे. त्याच्याच तोंडून ऐकलं मी.

मागच्या पौषातली अमावस्या. त्याची बायको शकुंतला महिनाभर खामगावच्या दवाखान्यात खाटेवर. ‘इथलं पांघरूण टोचते, माही गोधडी आणा,’ म्हणाली. तो घरी आला, लहान पोरीले, छकुलीले झोपवलं, तिले शेजारी सोपवलं, गोधडी घेऊन निघाला. शेगावच्या अलीकडे मेहुणीचा, सिंधूताईचा फोन आला. ‘भाऊजी, लवकर या.’ इतकंच.

त्यानं गाडी दामटली. चाक खड्ड्यात आदळलं अन् ट्यूबलेस टायर रिमवरून सुटला. स्टेपनी दुरुस्तीले टाकलेली. हातपंप होता, पण टायरची कड रिमले घट्ट बसल्याबिगर हवा थांबत नाही. इकडून भरली की तिकडून फुस्स.

त्याची रीत होती. चाक जॅकवर घ्याचं, टायरभोवती दोर बांधाचा, दोरात काठी घालून पिळाची. टायर आवळला की कड बाहेर सरकून रिमले बसते. पण पीळ धरायले एक माणूस लागते, पंप मारायले दुसरं. पीळ नेहमी शकुंतलाच धरे.

एकट्यानं करून पाह्यलं. काठी सुटली. पुन्हा सुटली. रस्त्यावर कोणी नाही.

मंग त्याले ट्रकवाल्यांची रीत आठवली. टायरात पेट्रोल शिंपडाचं, काडी लावाची. भडक्यानं टायर बसते. कधी माणूसबी जाते. रडत रडत त्यानं पेट्रोल काढलं. शिंपडलं. काडी धरली...

‘नका.’

मागून.

‘छकुलीले मंग कोण?’

काडी हातातून गळली. त्यानं वळून पाह्यलं नाही. आवाज ओळखला होता.

दोर करकरला. काठी फिरली.

‘मारा पंप.’

तो मारत राह्यला. ‘येऊनच राह्यलो होतो गं...’

‘सावकाश मारा. आता घाई काऊन करता?’

...

फट्ट! कड बसली.

त्यानं मान वळवली. काठी खाली पडलेली. कोणी नाही.

दवाखान्याच्या दारात सिंधूताई बसली होती. त्याले पाहून तिनं डोळ्याले पदर लावला. त्यानं गोधडी तिच्यापुढं ठेवली.”

काकांनी शेकोटीतली राख उकरली.

“मंग?” राजकुमारनं हळूच विचारलं.

“मंग काय... शकुंतलाले घरी आणलं. बायांनी आंघोळ घातली. सवाशीण गेली, म्हणून हळद लावाले शेजारच्या अन्नपूर्णाबाईनं तिच्या मुठी उघडल्या... दोन्ही तळहात टायरच्या काळ्यानं माखलेले. साबणानं घासले. पुन्हा घासले. शेवटी तशीच हळद लावली...

हळदीतूनबी काळं दिसे.”