व्हायोलाची ओळ

पटलं नाही तर सोडून द्या. मी मात्र त्या हॉलमध्ये स्वतः बसलो होतो.

जर्मनीतलं येना शहर. गेल्या नोव्हेंबरातला रविवार. संध्याकाळीच बाहेर मिट्ट काळोख.

माझी बहीण नीलांबरी तिथे लेन्सच्या कंपनीत होती. चौघांच्या एका हौशी ग्रुपमध्ये ती व्हायोला वाजवायची. व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, घोगऱ्या आवाजाचं वाद्य.

ते शंभर वर्षांपूर्वीची एक रचना बसवत होते. मी एकदा तालमीला गेलो होतो. चार माणसं एकाच वेळी भांडतायत असं वाटलं.

"थांब श्रीरंग," ताई म्हणाली. "या गुंत्यात मध्येच एक ओळ गाते. ती माझ्याकडे आहे."

ती ओळ आली की ग्रुपचे प्रमुख व्हीगांड तिला अडवायचे.

"हळू. हे प्रेमगीत नाही, फ्राउ पाटणकर."

कार्यक्रमाच्या महिनाभर आधी त्यांनी तिला काढलं. तिच्या जागी नाडीन नावाची मुलगी घेतली.

पंधरवड्यात ताई गेली. बसस्टॉपवरच कोसळली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

तरी मी कार्यक्रमाला गेलो. ती ओळ ऐकायची होती, बहुतेक.

वादन सुरू झालं. तोच गुंता, तीच भांडणं...

मग ती ओळ आली.

इतकी मोकळी, की बाकीचे तिघं मागे पडले.

मी अगदी कडेच्या खुर्चीत होतो. नोटेशनच्या स्टँडच्या आडून मला नाडीनचा हात दिसत होता...

वाजवायचा गज, बो, तिच्या मांडीवर होता.

व्हायोला वाजतच होता.

व्हीगांडनी वळून पाहिलं. चेहरा पांढराफटक. तरी ते वाजवत राहिले.

ओळ संपली. नाडीनने बो उचलला आणि पुढचं वाजवलं.

टाळ्या थांबेनात. एक बाई व्हीगांडना म्हणाली, "आज व्हायोला गात होता."

"हो, त्यावर मी फार मेहनत घेतलीय," ते म्हणाले.

बाहेर पार्किंगमध्ये मी नाडीनला गाठलं.

"खांद्यावर हात पडला," ती म्हणाली. "कुणीतरी म्हणालं, एवढं मला दे."

"जर्मनमध्ये?"

"नाही... पण मला कळलं."

पुण्याला आईला फोनवर सगळं सांगितलं.

"ज्यांनी हाकललं त्यांच्याकडे गेली," ती म्हणाली. "आपल्याकडे का नाही आली रे?"

ताईचं वाद्य आता जर्मनीतच, एर्लांगेनला माझ्या घरी आहे. मी पेटी उघडी ठेवतो.

अजून तरी काही वाजलेलं नाही...