कौलाचं बटण

ऋताने दाराला कडी घातली, शेवटची कोंबडी काखेत धरली आणि वळली, तर अंगणात एक तरुण उभा. पाठीवर बॅग, पायांत पांढरेशुभ्र बूट आणि चेहऱ्यावर वाट चुकलेल्या माणसाचं गोड हसू.

"मी कौस्तुभ. पुण्याहून आलो, तुमच्या गेमच्या कराराचं... पण गावात कोणीच कसं नाही?"

"गावपळण आहे. देवाच्या हुकमाने तीन दिवस सगळं गाव गुरांसकट शिवेबाहेर राहतं. चौथ्या दिवशी देवाला कौल लावायचा, हो म्हणाला तर परतायचं. मुहूर्त छान काढलात तुम्ही. धरा ही कोंबडी."

त्याने ती काठोकाठ भरलेल्या चहाच्या कपासारखी धरली. ऋताला हसू आवरेना.

ऋता कॉम्प्युटरवरचे गेम बनवायची, चित्रांपासून कोडपर्यंत सगळं एकटीने. नव्या गेममध्ये तिने हीच गावपळण घातली होती. चारशे घरं एका दिवसात शिवेबाहेर न्यायची, पाणी, लाकूडफाटा, म्हातारीकोतारी आणि भांडणं सांभाळायची, शेवटी कौल लावायचा. देव नाही म्हणाला की आणखी एक दिवस. या गेमला तिची तीन वर्षं गेली होती. पुण्याच्या कंपनीला तो हवा होता, पण एक बटण घालून: जाहिरात बघा, देवाचा होकार लगेच मिळवा. सही केली तर गेम जगभर जाणार. नाही केली तर ती पुन्हा एकटी, आणि तो कोणाच्या नजरेला पडेल याचा भरवसा नाही.

"बटण घालूचंय नाय," शिवेपाशी पोचताच ती म्हणाली. राग आला की तिची पुस्तकी भाषा आधी पळायची.

"माझी नोकरी त्या बटणावर आसा गो," तो हळूच, तिच्याच बोलीत म्हणाला.

ती थबकली. "खंयचे तुमी?"

"फोंडाघाटचो."

"मगे बटण मागताना लाज नाय वाटली?"

"वाटली... पण थोडी."

सही घेतल्याशिवाय हलू नकोस, असा त्याच्या साहेबांचा हुकूम होता. म्हणून तो राहिला. ऋताचे वडील हरिश्चंद्र यांनी त्याला लगेच खोपीवर झावळ्या चढवायला लावलं. दुसऱ्या दिवशी बूट तांबडे झाले, तिसऱ्या दिवशी ते पायांत दिसेनात. दुपारी काजूच्या सावलीत तो तिच्या लॅपटॉपवर गेम खेळत बसायचा. ती शेजारी. चुलीच्या धुराचा वास तिच्या केसांना होता, आणि तो दर वेळी जरा जास्तच वाकून काहीतरी विचारायचा. तिला ते कळत होतं. आवडतही होतं, मेलं.

गेममधल्या देवाने त्याला तिसऱ्यांदा नकार दिला.

"बटण व्हया काय?" तिने डिवचलं.

"नको. आणखी एक दिवस मिळतलो, तो वायट काय?" तो म्हणाला. बघत मात्र होता तिच्याकडे.

चौथ्या सकाळी देवाला कौल लावणारे मानकरी, गावकार, देवळातून हात हलवत आले. कौल मिळाला नव्हता. लोक थोडे कुरकुरले, मग बायकांनी पुन्हा चुली पेटवल्या, पोरींनी फुगड्या धरल्या. सगळ्यात खूश झाला कौस्तुभ. मग फोन घेऊन तो एकटाच ओहोळाकडे गेला, आणि बऱ्याच वेळाने परतला.

पाचव्या सकाळी देव हो म्हणाला. बैलगाड्या, रिक्षा, डोक्यांवरची बोचकी, सगळं घराकडे निघालं. ऋता शिवेवर त्याच्यासमोर उभी राहिली.

"मी सही करूचंय नाय. पुण्याक तुमी काय सांगतलास?"

"कालच सांगलंय. बटण येवचां नाय म्हणान."

"मगे?"

"साहेब म्हणाले, मग तूही येऊ नकोस."

दुसरी एखादी विरघळली असती. ऋता भडकली, आणि तुमी-बिमी सगळं विसरली.

"माझ्या गेमचो नकार तू कित्याक दिलंस? तो मी देतलंय. दी तो फोन."

तिने स्वतः फोन लावला आणि स्वच्छ मराठीत साहेबांना सांगितलं, "गेम माझा आहे. बटण येणार नाही. तो मीच बाजारात आणीन, दहा माणसांनी खेळला तरी चालेल." पलीकडचा माणूस समजावत राहिला. तिने फोन बंद केला.

"आता ऐक. माका तू आवडतंस. पण तुझी नोकरी गेली तेचां ओझां मी घेवचंय नाय. आणि तुझ्यासाठी गेममधली एक रेघसुद्धा बदलूचंय नाय."

"आणि माका? माका बदलतलंस?"

"तुका तर पुरो बदलूक व्हयो."

तो हसला. डोळे भरले होते त्याचे. "बदल. पण माका थंयच रवांदे... तुझ्या बाजूक."

"ऋता, येतंस मा?" पुढून वडिलांनी हाक मारली. अख्खी वरात थांबून मागे बघू लागली, गावकारांसकट. ऋताने कौस्तुभचा हात धरला, सगळ्यांना दिसेल असा, आणि मान वर करून म्हणाली, "दोघांय येतंव."