बहिरा सेट

मोर्णा नदीपलीकडे, अकोल्याच्या जुन्या शहरात केशवरावांचं रेडिओचं दुकान एका माडीवर होतं. खाली दिवसभर भांडी ठोकण्याचा आवाज, वर वितळलेल्या कथलाचा आणि राळेचा वास. १९४६ च्या डिसेंबरातली गोष्ट. शकुन सकाळी दहाला जिना चढून आली तेव्हा तिच्या टेबलावर गोणपाटात बांधलेला एक सेट ठेवलेला होता. सुतळी कापायच्या आधीच तिने तो ओळखला आणि तिची कानशिलं तापली.

शकुन अमरावतीची, फुलं विकणाऱ्या माळ्याची पोर. लढाईच्या दिवसांत बायकांच्या पलटणीत भरती झाली आणि जबलपूरच्या डेपोत तीन वर्षं बिनतारी सेटांचे वॉल्व तपासत बसली. कुठला वॉल्व कुठे चालेल हे तिला नुसत्या कानाने कळायचं. लढाई संपली आणि ती केशवरावांकडे कामाला लागली. केशवराव लोकांना सांगत, बाई हुशार आहे. तिचं ऐकत मात्र नसत.

गेल्या जानेवारीत दुकानाने जंगल खात्याला बिनतारीचं सामान दिलं होतं. मेळघाटातल्या एका टेकडीवरच्या चौकीतून वणव्याची खबर परतवाड्याच्या कचेरीत यावी म्हणून. दोन्ही टोकांना बोलायचं यंत्र वेगळं, ऐकायचं वेगळं. टेबलावर होता तो परतवाड्याचा ऐकायचा सेट.

या कामाच्या लहरी फार वेगाच्या, सेकंदाला सहा कोटी ठोके. तिथे घरगुती रेडिओचा मोठा वॉल्व कामाचा नाही. त्याच्या पोटातल्या लांब तारांतच निम्मा आवाज जिरून जातो. त्यासाठी सुपारीएवढा, कडेने पाय फुटलेला काचेचा वॉल्व असतो. तो अगदी पहिल्या टप्प्यात, एरियलची तार येते तिथेच बसवायचा. तिथे जे हरवलं ते पुढे कितीही मोठं केलं तरी सापडत नाही. शकुनने हे तेव्हाच सांगितलं होतं.

"वॉल्व तो वॉल्व," केशवराव म्हणाले होते. "टेबलावर तर खणखणीत वाजून राहिला."

टेबलावर वाजणारच. बोलायचं यंत्र आठ पावलांवर होतं.

चैत्रात वणवा आला. चौकीवरचे दोन गार्ड, सूर्यभान आणि शालिकराम, भाजून मेले. परतवाड्याच्या कचेरीत त्या दिवशी कानाला हेडफोन लावून बसला होता शकुनचा थोरला भाऊ देवीदास. खबर आलीच नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं. चौकशीत लिहिलं गेलं की तो झोपला होता. नोकरी गेली. परतवाड्याच्या बाजारात एका म्हाताऱ्या बाईने त्याच्या तोंडावर थुंकल्यापासून तो घराबाहेर पडेनासा झाला.

आणि आता हा सेट परत आला होता. सोबत चिठ्ठी: तपासून पाठवावा, दोष असल्यास लिहावा.

शकुनने झाकण काढलं. पहिल्या टप्प्यात तोच मोठा वॉल्व, ऐटीत बसलेला.

"जसा आला तसा पुसून पाठवा," गादीवरून केशवराव म्हणाले. "चवकशी संपली आता."

"चवकशी माह्या भावाची झाली, मालक. सेटची झालीच नाही."

"शकुनबाई, जपून बोला."

ती जपून बोलली नाही. वॉल्व उपटून तिने त्यांच्या चौरंगावर आपटला. तो फुटला. केशवराव ताडकन उठले, पण तिचं तोंड पाहून खाली बसले.

डेपोतून निकालात निघालेले चार लहान वॉल्व तिच्याकडे होते. दोहोंची आतली तार तुटलेली, तिसरा नुसता खरखरत होता. चौथा लागला. हेडफोनमध्ये बारीक सूऽऽ असा आवाज भरला आणि तिला बरं वाटलं. चांगला पहिला टप्पा असाच, पेटलेल्या स्टोव्हसारखा वाजतो.

त्यात एक तडतड होती.

तडतड म्हणजे कंडेन्सर गळका. तिने तो काढून अभ्रकाचा घातला. तडतड गेली नाही, स्वच्छ झाली. मग वॉल्वची बैठक बदलली, चिनीमातीची लावली. तारा नखाएवढ्या आखूड केल्या. दर बदलासरशी आवाज जवळ येत गेला. वाळलेल्या सागाच्या पानावर पाय पडावा तसा. एकावर एक, पुष्कळ पानं.

तिने एरियलच्या जागेकडे पाहिलं. एरियल जोडलेलीच नव्हती.

दुपारी जेवायची सुट्टी झाली तरी ती उठली नाही. खालची ठोकठोक थांबली होती. शेवटची तार डाग देऊन तिने हेडफोन चढवला, आणि आत कोणीतरी खोकलं.

"परतवाडा," माणूस म्हणाला. "परतवाडा, सूर्यभान बोलून राहिलो. आयकू येते का?"

शकुनने सेटच्या पेटीवर हात ठेवला. पेटी थंड होती.

"आग खालून चढून राहिली. दोन डाव सांगतलं. देवीदास भाऊ, बोला ना."

भीती वाटायला हवी होती. तिला राग आला. दोन डाव सांगितलं होतं. माणूस गळा फोडून सांगत होता आणि या पेटीत एक भलताच वॉल्व बसला होता.

तिने हेडफोनचा एक कान उपसून केशवरावांच्या कानावर दाबला.

"आयका!"

"काय आहे?"

"आयका मनते ना!"

ते ऐकू लागले. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"चौकी सोडू का राहू?" सूर्यभान विचारत होता. मागे दुसरा कोणी देवाचं नाव घेत होता. "धुरानं दिसत नाही. कोणीतरी सांगा."

"सांगा ना आता!" शकुन केशवरावांवर ओरडली. "वॉल्व तो वॉल्व, नाही का? सांगा त्याले!"

ते भिंतीला टेकले.

"काय करू, सांगा," आवाज म्हणाला.

ती सेटकडे वळली. समोर बोलायचं यंत्र नव्हतं. हे तिला ठाऊक होतं. रागात ठाऊक असून नसल्यासारखं झालं. जानेवारीत सेट लावायला ती त्या टेकडीवर गेली होती, खालच्या नाल्यात गुडघाभर पाणी पाहिलं होतं.

"बसून कायले राहिले?" ती किंचाळली. "उतरा खाली! नाल्यात जा, नाल्यात पानी हाय!"

तडतड थांबली.

"हव, बाई," सूर्यभान म्हणाला. "उतरतो."

मग नुसतं सूऽऽ. मग तेही नाही. वॉल्वमधला तांबडा ठिपका विझला होता.

तिने कागद पुढे केला, केशवरावांनी लिहून दिलं: सेटमध्ये अयोग्य वॉल्व बसवला होता, चौकीचा आवाज त्यात येणं शक्य नव्हतं, ऐकणाऱ्याचा दोष नाही. सही वाकडी आली. शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने ती परतवाड्याला गेली. देवीदास अंगणात उन्हाला बसला होता. कागद त्याने तीनदा वाचला. मग उपरण्याने तोंड झाकून रडला, आणि रडून झाल्यावर कितीतरी महिन्यांनी बहिणीला म्हणाला, "चहा टाक वं."

चहा पिताना तो मोकळा झाला.

"थे चौकी अजून तशीच उभी हाय, शकुन. भवताल साफ केलेला होता ना, आग तिथवर गेलीच नाही. बसून राहिले असते तर वाचले असते दोघं. नाल्यात सापडले. चैताचा नाला, कोरडा ठण्ण, नुसता पालापाचोळा भरलेला. कायले उतरले, कोणालेच समजलं नाही."

शकुनने कप खाली ठेवला.

"शालिकरामनं दवाखान्यात एक रात काढली. मी गेलो होतो. मले म्हणे, वायरलेसवर बाई होती, तिनं उतराले सांगतलं. भरमात बोलला असंल. आपल्या कचेरीत बाई कुठून येईन? मी कोणालेच सांगतलं नाही. लोक म्हणाले असते, देवीदासनं बाई आणून बसवली होती."

त्याने बशीतला चहा फुंकला.

"म्हणे, लय रागात होती थे बाई."